नसा सगळ्यांच्या सारख्या नसतात

गेल्या दिवाळीच्या आधी फोटो टांगायला म्हणून मी भिंतीत खिळा ठोकला आणि अर्ध्या घरातले दिवे गेले. वायरमन आला, त्याने भिंत उकरून बघितली आणि म्हणाला, "वहिनी, शेजारच्या घरात इथून वायर जात नाही, तुमच्याकडे जाते." दोन्ही घरं एकाच कंत्राटदाराने बांधलेली, बाहेरचा खांबही एकच. आतली वाट मात्र निराळी.

हा प्रसंग आठवायचं कारण म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गर्भाशयाच्या मुखाला कर्करोग असल्याचं निघालं. शहरात नेऊन मोठं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, रोग आटोक्यात आला. घरी आल्या त्या लघवीची नळी घेऊनच. पुढे नळी निघाली, पण त्यांचं एस.टी.ने कुठे जाणं बंद झालं, हळदीकुंकू बंद झालं, माहेरी जाणंही बंद. विचारलं की म्हणायच्या, "बरं नाही वाटत गं." सहा महिन्यांनी एकदा भांडी घासता घासता त्यांनी सांगितलं, "अगं, लघवी भरल्याचं मला कळतच नाही. पोट जड झालं की अंदाजाने जायचं. आणि गेलं तरी दाबल्याशिवाय येत नाही." त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. एका वडीलधाऱ्या बाईंजवळ बोलायचा प्रयत्न केला, तर त्या म्हणाल्या की हे मनाचे खेळ आहेत, जीव वाचला ना, मग झालं.

मनाचे खेळ नव्हते ते. नसांचा प्रश्न होता.

आधी एक खुलासा. आपण बायका रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि जिच्यातून संवेदना जाते तिलाही नसच म्हणतो. मी सांगते आहे ती दुसरी, शाळेच्या पुस्तकातला चेतातंतू. त्यातही दोन प्रकार आहेत. हात उचल म्हटलं की उचलला जातो, त्या नसा आपल्या हुकमातल्या. छातीची धडधड, आतड्याची हालचाल, लघवीची पिशवी हे सांभाळणाऱ्या नसा आपल्याला न विचारता काम करतात.

या दुसऱ्या प्रकारच्या नसांची ओळख आमच्या बिरवाडीला जुनी आहे, ती विंचवामुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, लहान मुलं दगावत होती. विंचवाचं विष याच न विचारता चालणाऱ्या नसांना खवळवतं, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून टिपलं. पुढे प्राझोसिन या गोळीने त्यांनी कितीतरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नसा डोळ्यांना दिसत नाहीत, पण बिघडल्या की काय होतं ते आमच्या गावाने बघितलं आहे.

आता ओटीपोटाकडे येऊ. लघवीच्या पिशवीला दोन बाजूंनी नसा येतात. एक जोडी कमरेच्या मणक्यांपुढून खाली उतरते, एक उजवीकडे, एक डावीकडे. ती लघवी धरून ठेवायला मदत करते. दुसऱ्या नसा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून, त्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भोकांतून निघतात. त्या पिशवी रिकामी करायला लावतात. गुदाशयाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या बाजूला या दोन्ही मिळून एक जाळं होतं आणि त्या जाळ्यातून धागे पुढे लघवीच्या पिशवीकडे जातात. म्हणजे गर्भाशय आणि लघवीची पिशवी अगदी सख्ख्या शेजारणी, आणि एकीची वायर दुसरीच्या भिंतीतून गेलेली!

पुस्तकातल्या चित्रात हे सगळं छान पिवळ्या रेघांनी काढलेलं असतं. पण शवविच्छेदन करून बघणाऱ्यांना दिसलं की चित्र एक असलं तरी माणसं अनेक आहेत. ती वरून येणारी नस एखादीत सरळ दोरीसारखी असते, दुसरीत सुटलेल्या वेणीसारखे तिचे चार पदर होतात. लघवी करवणाऱ्या नसा कुणात तिसऱ्या-चौथ्या भोकातून, कुणात दुसऱ्यापासूनच. एकाच बाईची उजवी बाजू डावीसारखी असेल याचीही खात्री नाही. बाळंतपणात ज्या नसेला बधिर करतात, ती कुणात एक खोड असते, तर कुणात दोन किंवा तीन फाटे. मांडीकडे जाणाऱ्या एका नसेला काही जणींत चक्क एक जादा जोडीदारीण असते, बाकीच्यांत ती नसतेच. कुल्ल्यातून पायात उतरणारी जाड नस बहुतेकांत एका स्नायूच्या खालून जाते, पण शंभरातल्या सुमारे पंधरा जणांत ती त्या स्नायूला भेदून किंवा दुभंगून जाते. यात रोग काही नाही. चेहरे वेगळे, तशा आतल्या वाटा वेगळ्या.

साध्या कारणासाठी गर्भाशय काढतात, तेव्हा सहसा हे जाळं बरंचसं सुटतं. कर्करोगात मात्र गर्भाशयाला बाजूंनी धरून ठेवणारा भागही काढावा लागतो, आणि नसा नेमक्या त्याच भागात असतात. व्हिएन्नाच्या वेर्टहाइम यांनी १८९८ साली हे ऑपरेशन सुरू केलं. जीव वाचवणं हेच तेव्हा मोठं होतं, लघवीचं कोण विचारतो! नसा शोधून, बाजूला करून, मग रोगट भाग काढायचा हा विचार पुढे जपानी सर्जनांनी रुजवला. आपल्याकडे पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून हे ऑपरेशन करण्याची रीत बसवली. २००७ साली त्यांनी २४८ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. जगात ती 'पुणे पद्धत' म्हणून ओळखली जाते. दुर्बिणीत सगळं मोठं दिसतं, त्यामुळे नसा ओळखणं सोपं जातं, हे खरं. पण २०१८ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, या विशिष्ट कर्करोगासाठी दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर रोग कमी उलटला असं दिसलं. तेव्हा दुर्बीण म्हणजे नवीन, म्हणून चांगलीच, असं धरून चालू नये. पोट उघडूनही नसा वाचवता येतात. आणि गाठ नसेपर्यंत पोचली असेल तर नस सोडावी लागते. तिथे सर्जनशी हट्ट करण्यात अर्थ नाही.

सिझेरियन झालेल्या कितीतरी जणी टाक्याच्या खाली बधिर पट्टा असल्याचं सांगतात. तिथेही हेच. आडव्या छेदाच्या टोकांजवळून दोन बारीक नसा जातात, आणि प्रत्येकीत त्या थोड्या वर-खाली असतात. बधिरपणा बहुधा हळूहळू कमी होतो. पण टाक्याच्या एका टोकाला आग होत असेल, जांघेत कळ जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा; उपाय आहेत. "बाळंतपण झालं की असंच" म्हणून वर्षानुवर्षं काढू नका.

आणि बिनगरजेचं ऑपरेशन तर मुळीच नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पिशवी काढली की कटकट गेली, असं आपल्यातल्याही बऱ्याच जणी बोलतात, म्हणून हे लिहिलं.

जाऊबाईंना मी पुन्हा तपासणीला घेऊन गेले. जाण्याआधी वहीच्या पानावर आम्ही दोघींनी लिहून घेतलं: लघवी झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत मोजता येईल का? ऑपरेशनमध्ये नसा वाचवल्या होत्या की रोगामुळे सोडाव्या लागल्या? आता किती सुधारेल? तोंडाने विचारायला त्या लाजल्या, म्हणून कागद पुढे केला. आत बरीच उरत होती. इतकी उरली तर जंतू होतात, पुढे मूत्रपिंडाला त्रास होतो, हे तेव्हा कळलं. घड्याळ लावून दर तीन तासांनी जायचं, आणि दिवसातून दोनदा स्वच्छ नळीने स्वतःच उरलेली काढायची, हे परिचारिकेने शिकवलं. पहिले आठ दिवस रडत केलं, मग सरावल्या. आता उरणं पुष्कळ कमी झालं आहे.

डॉक्टरांनी त्याच कागदाच्या मागे पेनाने नसांचं चित्र काढून दिलं. जाऊबाईंनी तो कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला आहे. गेल्या महिन्यात त्या एस.टी.ने पोलादपूरला भाचीच्या लग्नाला जाऊन आल्या, मधे दोनदा उतरून.