‘धोका’ की ‘घोका’?

मुलांनो, माणसांसारखी अक्षरांनाही अंगकाठी असते बरं का! पाठ्यपुस्तकातली अक्षरं कशी सडपातळ, शिस्तीत रांगेत उभी. आता फटाक्यांच्या खोक्यावरची किंवा सर्कशीच्या जाहिरातीतली अक्षरं आठवा. कुणी फुगलेलं, कुणी वाकडंतिकडं, जणू जत्रेलाच निघालीत! या अक्षरांचं काम एकच – लांबून हाक मारायची.

या फुगीर, लाटांसारख्या वळणाची एक गंमत ऐका. १९०० च्या सुमारास व्हिएन्ना शहरात आल्फ्रेड रोलर नावाचे चित्रकार होते. प्रदर्शनांच्या जाहिरातींसाठी ते चौकटीत ठासून भरल्यासारखी अक्षरं काढत. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात वेस विल्सन यांनी त्यावरूनच गाण्यांच्या कार्यक्रमांची पोस्टर्स केली. अक्षरं ज्वाळांसारखी वळवळणारी, रंग भडक लाल-हिरवे! वाचायला वेळ लागायचा, म्हणूनच लोक थांबून वाचायचे. या शैलीला ‘सायकेडेलिक’ म्हणतात.

आपल्या देवनागरीतही असं एक गुटगुटीत वळण आहे. त्याचं नाव ‘मोदक’! मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेतल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी ते घडवलं. आपल्या बामणोदच्या भरताच्या वांग्यांसारखी गरगरीत अक्षरं. आतली पोकळी केसाएवढ्या रेघेपुरती उरलेली. संगणकावर ती कुणालाही फुकट वापरता येतात.

पण अक्षर जाड करताना एक पथ्य पाळावं लागतं. ‘ध’ आणि ‘घ’ जवळ जवळ लिहून पाहा. फरक केवढासा? डोक्यावरची एक फट आणि छोटीशी गाठ. ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच. फुगवता फुगवता ती फट बुजली, की ‘भाऊ’ची ‘माऊ’ होते! यात हसण्यासारखं आहे. पण विजेच्या खांबावरच्या ‘धोका’चा ‘घोका’ झाला तर? तिथे हसू येणार नाही. म्हणून औषधाची बाटली, एस.टी.ची पाटी, धोक्याची सूचना इथे साधी, ठळक अक्षरंच हवीत. फुगीर अक्षरांची जागा मथळ्यात, वाढदिवसाच्या कार्डावर, स्नेहसंमेलनाच्या फलकावर.

मग करायची का सुरुवात? वर्गाच्या भित्तिपत्रकाचं नाव आधी पेन्सिलीनं बारीक लिहा. मग प्रत्येक रेघ बाहेरच्या बाजूनं फुगवा. फटी मात्र सांभाळा. खालचा मजकूर साध्या अक्षरातच राहू द्या. रंगवून झालं की दहा पावलं लांब लावा आणि ज्यानं ते आधी पाहिलेलं नाही अशाला वाचायला सांगा. घरी असाल तर आजीलाच बोलवा. पालकहो, तुम्ही मागून हळूच शब्द सांगायचा नाही हं! आजीनं न अडखळता वाचलं, तर अक्षर पास. अडखळली, तर खोडरबर हाताशी आहेच!