बाळाचा ब्रेस काढू नका, आणि दुसऱ्याला काढायला सांगूही नका!

गेल्या महिन्यात रक्तदाबासाठी नेहमी येणाऱ्या एक काकू तपासणीला आल्या होत्या. सोबत सून, आणि सुनेच्या मांडीवर सात महिन्यांचा नातू, गाढ झोपलेला. बाळाच्या पायांत छोटे बूट आणि दोन बुटांना जोडणारी एक आडवी पट्टी. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तेव्हा काकूंनी खरा विषय काढला.

"डॉक्टर, तुम्ही तरी सांगा हिला. पाय तर आता सरळ झालाय. लेकराला बेड्या घातल्यासारखं अजून किती दिवस ठेवायचं? पुढच्या आठवड्यात दिराच्या मुलीचं लग्न आहे. निदान चार दिवस तरी काढू दे."

सून काहीच बोलली नाही. खाली बघून बाळाचा मोजा सारखा करत राहिली. तिचं ते गप्प बसणं मला खटकलं, म्हणून हा लेख.

मी हाडांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. पण "ब्रेस काढला तर चालेल का?" हा प्रश्न हाडांच्या डॉक्टरांकडे क्वचितच जातो. तो घरात विचारला जातो, शेजारी विचारला जातो, आणि मग आमच्यासारख्या रोजच्या डॉक्टरांकडे येतो. उत्तर चुकलं तर त्याची किंमत ते मूल आयुष्यभर मोजतं.

आधी आजार समजून घेऊ

क्लबफूट म्हणजे जन्मतःच वाकडं असलेलं पाऊल. टाच वर ओढलेली, पाऊल आत आणि खाली वळलेलं, तळवा आतल्या बाजूला. साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीने आढळतो आणि जवळपास निम्म्या बाळांत दोन्ही पाय वाकडे असतात.

बहुतेक बाळांत याचं नेमकं कारण सापडत नाही, आनुवंशिकतेचा काही भाग असतो. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून पाय वाकडा होत नाही. ग्रहण कित्येकदा अख्ख्या राज्यात दिसतं. त्या दिवशी लाखो गरोदर बायकांनी काही ना काही चिरलेलं असतं. त्या सगळ्यांच्या बाळांचे पाय वाकडे झाले का? बाळंतिणीला आधीच झोप नसते, त्यात हा आरोप तिच्या माथी मारणं हा निव्वळ छळ आहे.

यावर आज जगभर वापरली जाणारी पद्धत डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. जन्म १९१४, स्पेनमधल्या मिनोर्का बेटावरचा, आणि आयुष्यभराचं काम अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात. या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू वळवून प्लास्टर घालतात. अशी साधारण पाच-सहा प्लास्टर लागतात. मग बहुतेक बाळांत टाचेमागची ताठ शीर एका छोट्याशा छेदाने सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पाऊल सरळ होतं. मोठ्या ऑपरेशनची गरज बहुतेकांना पडत नाही.

इथे घरचे पेढे वाटतात आणि नेमकी इथेच फसगत होते. प्लास्टरने पाऊल सरळ होतं, पण त्याची वाकडं होण्याची ओढ जात नाही. पहिली काही वर्षं पाऊल झपाट्याने वाढतं आणि वाढताना जुन्या वळणावर जायला बघतं. ती ओढ रोखून धरायची म्हणून ब्रेस. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास. त्यानंतर रात्रभर आणि दिवसाच्या झोपेत, मिळून १२ ते १४ तास, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत.

दोन आकडे लक्षात ठेवा. पोन्सेटी पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दिलं आहे, की ब्रेस नीट वापरणाऱ्या मुलांत पाय पुन्हा वाकडा होण्याचं प्रमाण सुमारे ६ टक्के आणि न वापरणाऱ्यांत ८० टक्क्यांहून जास्त. प्लास्टर किती लागली किंवा पाय सुरुवातीला किती वाकडा होता, यापेक्षा ब्रेस घातला की नाही यावर निकाल जास्त ठरतो.

"बेडी" नव्हे

आता काकूंच्या मनातल्या शंका एकेक करून घेऊ. त्या जवळपास प्रत्येक घरात असतात.

*"लेकराला दुखत असेल हो."* पाऊल आधीच सरळ झालेलं असतं, ब्रेस ते फक्त धरून ठेवतो. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडतं, कारण त्याला एकेक पाय वेगळा झाडता येत नाही. दोन्ही पाय मिळून हलवायचे हे कळलं की रडणं थांबतं. तुम्हीच त्याचे गुडघे धरून दोन्ही पाय एकत्र वाकवून-सरळ करून खेळवा, लवकर शिकतं. मात्र रडणं थांबतच नसेल, बोटं थंड किंवा निळसर वाटत असतील, कातडी लालभडक होऊन फोड आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

*"एकच पाय वाकडा होता, मग चांगल्या पायाला शिक्षा का?"* पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायचं असतं. दुरुस्त केलेल्या पायाचा बूट ६० ते ७० अंशांत, चांगल्या पायाचा ३० ते ४० अंशांत. दुसऱ्या पायाचा आधार असल्याशिवाय ही पट्टी पाऊल धरूच शकत नाही. म्हणूनच नुसते "स्पेशल बूट" घालून काम होत नाही.

*"मूल चालायला उशीर करेल."* तीन महिन्यांनंतर ब्रेस प्रामुख्याने झोपेतच असतो. जागेपणी मूल रांगायला, उभं राहायला मोकळं असतं. पाय पुन्हा वाकडा झाला, तर मात्र चालणं नक्की बिघडेल.

*"आमच्याकडची मालीशवाली पाय सरळ करते."* मालीश अंगाला करा, आनंदाने करा. पण मालीश ब्रेसची जागा घेऊ शकत नाही. हाडवैद्याने ओढून-ताणून पाय सरळ करणं तर धोक्याचंच.

रोजच्या घरात कसं जमवायचं?

उपदेश सोपा असतो, रात्री तीन वाजता बूट चढवणं अवघड. म्हणून थोडं कामाचं सांगतो.

* बुटाच्या आत सुती मोजे घाला, घडी पडू देऊ नका. आधी टाच खाली आणि मागे नीट बसवा, मगच पट्टे आवळा. टाच बसल्यावर बोटं कुठवर येतात तिथे बुटाच्या आत पेनाने खूण करा. बोटं खुणेच्या मागे गेलेली दिसली की टाच निसटली आहे. बोटं बुटाच्या पुढे डोकावू लागली की मोठा बूट लागणार, तो आधीच मागून ठेवा.
* अंघोळ आणि मालीश मोकळ्या तासात उरका. पावलाच्या लाल डागांवर तेल, क्रीम लावू नका, कातडी नरम पडून जास्त सोलते. पहिले काही दिवस थोडी लाली चालते.
* आडव्या पट्टीला जुन्या सुती कापडाचा किंवा फोमचा वेढा द्या. नाहीतर ती तुमच्या नडगीला लागते आणि भिंतीचा रंगही काढते. लंगोट बदलताना पट्टी मधोमध धरून दोन्ही पाय एकदम उचला. बायका सांगतात, उलट सोपं जातं.
* कपडे झबल्यासारखे, खालून मोकळे किंवा बटणांचे. घट्ट दुपट्यात पाय गुंडाळू नका. कापडी झोळीत पट्टी दाबली जाते, सपाट पाळणा किंवा अंथरूण बरं.
* लस मांडीत देतात. त्यासाठी ब्रेस काढावा लागत नाही. सर्दी-तापासाठीही नाही.
* झोप म्हणजे ब्रेस, हा नियम रोज पाळा, दात घासण्यासारखा. ज्या घरात "आज राहू दे" चालतं, त्या घरात मूल रोज हट्ट करतं. जिथे चालत नाही, तिथे दीड वर्षाचं मूल झोप आली की स्वतःच बूट घेऊन येतं.
* बूट चढवणं एकट्या आईचं काम नाही. बाबांना यायलाच हवं. आजी-आजोबांनीही शिकावं.

माझी स्वतःची चूक

साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दीड वर्षाचा एक मुलगा तापाने फणफणला होता. आईने विचारलं, "हे बूट काढून ठेवू का?" बाहेर वीस पेशंट बसलेले. मी मान वर न करता म्हणालो, "ठेवा काढून, बरं वाटेपर्यंत."

ताप तीन दिवसांत गेला. ब्रेस काही परत चढला नाही. मोकळ्या पायांची सवय झालेलं मूल रडायचं आणि आईने प्रयत्न केला की घरचे म्हणायचे, "डॉक्टरांनीच काढायला सांगितलाय." सात-आठ महिन्यांनी ते मूल पुन्हा माझ्यासमोर आलं, तेव्हा टाच जमिनीला टेकत नव्हती. पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होतं. पुन्हा प्लास्टर, पुन्हा हेलपाटे, पुन्हा बुडालेली मजुरी. त्याची आई मला म्हणाली, "माझंच चुकलं, डॉक्टर." ते वाक्य मला अजून टोचतं. चुकलं तिचं नव्हतं.

माझ्याकडे मधुमेहासाठी येणारे पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. लहानपणी त्यांच्या वाकड्या पायावर उपचारच झाले नाहीत. आयुष्यभर पावलाच्या कडेवर चालून तिथे जाड घट्टा झाला आहे आणि मधुमेह झाल्यापासून त्या घट्ट्याखाली वारंवार जखम होते. बेडी शोधायची असेल तर त्यांच्या पायात शोधा.

"पालकांनी सहकार्य केले नाही"

पाय पुन्हा वाकडा झाला की केसपेपरवर हे वाक्य हमखास लिहिलं जातं. मला या वाक्याची चीड आहे. पालकांना ब्रेसबद्दल कधी सांगितलं? शेवटचं प्लास्टर काढताना, बाळ किंचाळत असताना, दोन मिनिटांत. कुणाला सांगितलं? फक्त आईला. घरी निर्णय कोण घेतं? बहुतेक वेळा आई नाही.

माझं आम्हा डॉक्टरांनाच सांगणं आहे. पहिल्या प्लास्टरच्या दिवशीच बजावून सांगा, की प्लास्टर दोन महिन्यांचं, ब्रेस चार वर्षांचा. त्या दिवशी बाबांना आणि आजीला आत बोलवा. बूट त्यांच्या हाताने चढवून घ्या. आणि ज्यांना या आजाराची माहिती नाही अशा माझ्यासारख्यांनी ब्रेसबद्दल तोंड उघडण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक फोन करावा.

पैशाची अडचण असेल तर अंगणवाडी ताई, आशा ताई किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे आणि त्यातले उपचार मोफत आहेत. २०१३ साली या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली होती.

आणि नातेवाईकांनो, एसटीत शेजारी बसणाऱ्यांनो, बारशाला आणि लग्नाला भेटणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. "अगं बाई, काय हे बिचाऱ्याला!" हे तुम्ही सहज म्हणता. त्या आईने ते दिवसभरात दहा जणांकडून ऐकलेलं असतं. रात्री बाळ रडायला लागलं की तिला तुमचे शब्द आठवतात आणि पट्टा सुटतो. कणव आली असेल तर तासभर बाळाला घ्या, तिला झोपू द्या.

मग काकूंचं काय झालं?

मी सुनेला विचारलं, "तुम्हाला किती तास घालायला सांगितलाय?" ती पहिल्यांदाच बोलली. "तेवीस तासांचे तीन महिने मागच्या आठवड्यात संपले. आता फक्त झोपेत. आत्ता झोपलाय म्हणून घातलाय."

म्हणजे लग्नात बाळ जागं असताना पाय मोकळेच राहणार होते. मांडवात झोप लागली की आणि वऱ्हाडाच्या खोलीत रात्री तेवढा ब्रेस चढवायचा होता. सुनेला हे सगळं नीट माहीत होतं. घरात तिला कुणी विचारलंच नव्हतं.

काकू थोड्या वरमल्या. मग म्हणाल्या, "बूट कसा घालायचा ते मला दाखव गं." सुनेने तिथेच, माझ्या टेबलावर, बाळाचा एक बूट उलगडला आणि टाच कुठे बसवायची ते सासूबाईंना दाखवलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. या वेळी मी त्यांना थांबू दिलं.