१९६७ च्या विज्ञानयादीत कोयना कुठे आहे?

डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर एक ठरावीक उद्योग सुरू होतो: एखादे साल निवडायचे आणि त्या वर्षीच्या वैज्ञानिक घडामोडींची यादी मांडायची. १९६७ हे अशा यादीकारांचे लाडके साल. धागा थोडा दीर्घ आहे, कारण या यादीतली एक गळती साधी नाही.

यादीत काय असते ते प्रथम पाहू. २८ नोव्हेंबर: केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक अंतराने येणारी स्पंदने स्पष्ट दिसली, तोच पहिला पल्सार. ३ डिसेंबर: केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले, रुग्ण अठरा दिवस जगला. त्याच वर्षी अणूच्या आधारे सेकंदाची नवी व्याख्या झाली. भारताच्या नावावर २० नोव्हेंबरला थुंबा येथून उडालेले पहिले रोहिणी रॉकेट असते. वर्षअखेरीस भूपट्टांच्या सिद्धांताचा मॅकेन्झी आणि पार्कर यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला, तोही चोखंदळ यादीकार नोंदवतात.

हृदयप्रत्यारोपणानंतर आठच दिवसांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात जे घडले ते मात्र या यादीत सापडत नाही. सापडलेच तर 'दुर्घटना' या मथळ्याखाली, एका ओळीत: कोयना भूकंप, पावणेदोनशेहून अधिक मृत्यू, दोन हजारांहून अधिक जखमी. पल्सार विज्ञानात, कोयना शोकसूचीत. ही वाटणीच चुकीची आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: भूकंप ही निसर्गाची करणी, तिला वैज्ञानिक घडामोड कसे म्हणायचे? आक्षेप वरवर रास्त आहे. पण मग पल्सारही कोणी घडवला नव्हता. तो आधीपासून स्पंदत होताच; केंब्रिजच्या माळावर तारांचे जाळे उभे होते आणि कागदावर उमटलेली रेघ कोणीतरी नीट वाचली, म्हणून ते विज्ञान झाले. कोयनेतही यंत्रे होती, कागद होता आणि रेघही होती.

१९६२ च्या सुमारास शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि पाठोपाठ खोऱ्यात लहान लहान धक्के जाणवू लागले. गावकऱ्यांना ते यंत्रांच्या आधी कळले, हे सांगायला नको. मग धरण परिसरात भूकंपमापन केंद्रे उभारली गेली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ या धक्क्यांचा माग घेत होते. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचहून अधिक क्षमतेचा धक्का बसला, तोही नोंदला गेला. म्हणजे डिसेंबरचा भूकंप अजाण प्रदेशावर कोसळलेला नव्हता. तो काही वर्षे नोंदी ठेवल्या जात असलेल्या जागी झाला, आणि त्याचे मोल तिथेच आहे.

त्या पहाटे धरणाच्या आतच बसवलेल्या त्वरणलेखक यंत्राने जमिनीची हालचाल टिपली. कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट निघाले. धरणाच्या संकल्पनात भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नाहीत, त्यामुळे थेट भागाकार करून 'बारा पट' असे ओरडणे अशास्त्रीय ठरेल. तरीही कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन यांत किती अंतर होते, ते या दोन आकड्यांतून दिसतेच. १०३ मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले, पण पाणी न सांडणाऱ्या उंच भागांत, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. पुढे त्या भागांना बाहेरून काँक्रीटचे आधार द्यावे लागले.

आज जगात कुठेही काँक्रीटच्या धरणांचा भूकंपातील वर्तनाचा अभ्यास होतो, तेव्हा संगणकीय प्रतिमान तपासायला कोयनेची नोंद आणि कोयनेच्या भेगा घेतल्या जातात. गणिताने काढलेली भेग खऱ्या भेगेच्या जागी पडली, तर गणित बरोबर. परदेशातील कित्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी पाटण तालुका नकाशावरही पाहिला नसेल; 'कोयना' मात्र त्यांनी सोडवलेली असते.

दुसरा परिणाम याहून मोठा आहे. दख्खनचे पठार म्हणजे प्राचीन, स्थिर, भूकंपाच्या दृष्टीने जवळपास निर्धोक भूमी, असे तोवर मानले जाई. देशाच्या तत्कालीन भूकंपप्रवण नकाशात चक्क 'शून्य' श्रेणी होती. कोयनेनंतर, १९७० च्या सुधारित नकाशात ती श्रेणी उरली नाही. घर, पूल, शाळा कशी बांधावी हे ज्या मानकावरून ठरते, तेच एका पहाटेने बदलायला लावले.

आता उलट बाजूच्या अतिरेकाकडे. मराठी अभिमानाच्या उत्साहात 'धरणामुळे झालेला जगातला पहिला भूकंप' असे कोयनेचे वर्णन फिरत असते. ते खोटे आहे. अमेरिकेतील मीड जलाशयाजवळचे धक्के १९३० च्या दशकापासून अभ्यासले जात होते. चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६२ ते १९६६ या काळात सहाहून अधिक क्षमतेचे भूकंप झाले होते. कोयनेचे वेगळेपण अव्वल क्रमांकात नाही. जलाशयाशी निगडित भूकंपांत ६.३ क्षमतेचा हा धक्का सर्वांत मोठा मानला जातो, आणि इतरत्र हालचाल ओसरली तरी इथे ती आजही थांबलेली नाही.

'झालेला' हा शब्दही सैल आहे. भूकंपानंतर तज्ज्ञांत तीव्र मतभेद होते. काहींच्या मते तो निखळ भूगर्भीय होता, धरणाचा संबंध केवळ योगायोग. दशकांच्या नोंदींनंतर स्थिरावलेले मत असे: भ्रंशावरील ताण आधीच साठलेला होता, पाण्याने तो मोकळा होण्यास निमित्त पुरवले. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतील तर वरची फिरत नाही; दाब हलका झाला की फिरते. खडकांच्या फटींत झिरपलेल्या पाण्याचा दाब भ्रंशाची पकड अशीच ढिली करतो. जलाशयाच्या नुसत्या वजनाने पृथ्वी खचली, ही चौकातली कल्पना त्यापुढे टिकत नाही. आणि धरणाचा काहीच संबंध नव्हता, ही सोयीची कल्पनाही टिकत नाही.

याची दुसरी साक्ष शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिळाली. शिराळा तालुक्यात चांदोली येथे वारणा नदीवर धरण झाले आणि १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले. पुढे १९९३-९४ मध्ये कोयनेच्या दक्षिणेला, वारणेच्या बाजूला, पाचहून अधिक क्षमतेचे धक्के बसले. एका जलाशयाबाबत योगायोग म्हणता येतो. शेजारी दुसरा जलाशय भरल्यावर धक्क्यांचे क्षेत्रही तिकडे पसरले, तर योगायोग हा शब्द वापरणाऱ्यावर पुराव्याचे ओझे येते. कोयना-वारणा हे जोडनाव आज भूकंपशास्त्रात एकच संज्ञा म्हणून रूढ आहे. कराडजवळ हजारमाचीला यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, आणि २०१७ मध्ये या परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोलीची चाचणी-विंधनविहीर पूर्ण झाली. काळ्या कातळाचा हजारभर मीटर जाडीचा थर भेदून ती खालच्या अब्जावधी वर्षे जुन्या ग्रॅनाइटी खडकात उतरली आहे.

मग यादीतून कोयना गळते का? यादीला नायक लागतो: एक चेहरा, एक शस्त्रक्रिया, एक पुरस्कार. इथे आहेत ती खडकवासल्याचे नोंदकरी, धरणातले एक यंत्र आणि कोसळलेल्या भिंतींखाली सापडलेली कोयनानगर परिसरातील माणसे. पल्सारच्या शोधाला कोणाच्या घराची किंमत मोजावी लागली नाही. धरणांच्या सुरक्षिततेचे आजचे बरेचसे ज्ञान मात्र ज्या खोऱ्यातून आले, तिथल्या माणसांनी आधी जमीन पाण्याखाली दिली आणि मग घरे भूकंपात गमावली. त्यांतील कित्येकांचे पुनर्वसनाचे दावे सहा दशकांनंतरही मिटलेले नाहीत. त्यांना केवळ आपद्ग्रस्त म्हणून नोंदवणे सोपे पडते, कारण मग त्या ज्ञानाचे देणे कोणाच्याच खात्यावर येत नाही.

यंदा १९६७ ची यादी करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. आंतरराष्ट्रीय भूकंपसूचीत ११ डिसेंबर शोधल्यास कोयना मिळणार नाही. ग्रीनिचच्या वेळेनुसार तिथे तो १० डिसेंबर, २२ वाजून ५१ मिनिटे असा नोंदलेला आहे.