कल्याणच्या पलीकडून, सविनय

प्रति,
आमच्या उपनगरात इमारतींना परवानगी देणारे, पाणी सोडणारे आणि लोकल चालवणारे
सर्व संबंधित अधिकारी व लोकप्रतिनिधी

माननीय महोदय,

या पत्राच्या मायन्यात एकच नाव घालायचे माझ्या मनात होते, ते जमले नाही. पाण्याचे विचारले की खाते वेगळे निघते, रस्त्याचे विचारले की निधी वरून यायचा असतो आणि गाड्यांचे विचारले की तो विषय दिल्लीचा होतो. प्रत्येक खिडकी आम्हाला पुढची खिडकी दाखवते. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना मिळून लिहीत आहे. उत्तर कोणत्या टेबलावरून यायचे, ते कृपया आपसांत ठरवून घ्यावे.

मी कल्याण-कर्जत मार्गावरच्या एका स्टेशनाजवळ राहतो. आमच्या भागाची जाहिरात ‘शांत, निसर्गरम्य’ अशी होते आणि ती खोटी नाही. एखाद्या मंगळवारी दुपारी बाराला आमच्या सोसायटीत येऊन पाहा. गेटवर वॉचमन मोबाइलवर भजन लावून बसलेला असतो. तळमजल्यावरचे आजोबा नातवाला शाळेच्या बसमधून उतरवून घेतात आणि पोळी किती उरली ते जिन्यातच डबा उघडून बघतात. वर कुणाचा तरी कुकर शिट्टी देतो. हवा स्वच्छ असेल तर माथेरानचा डोंगर खिडकीतून नीट दिसतो. एवढेच. कमावती माणसे अंधारात घराबाहेर पडलेली असतात आणि अंधारातच परत यायची असतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी हा डोंगर रविवारखेरीज पाहिलेला नाही.

ही शांतता गाव सुखी असल्यामुळे नांदत नाही. ज्यांनी बोलायचे ती माणसे घरी नसतात, म्हणून ती आहे. आपल्या कचेऱ्या उघडतात तेव्हा आम्ही ठाण्याच्या पुढे गेलेलो असतो आणि बंद होतात तेव्हा दादरच्या पुलावर असतो. तक्रार करायला रजा टाकावी लागते, हे आपल्याला ठाऊक नाही असे मी मानत नाही. उलट आपला कारभार याच भरवशावर निर्धास्त चालतो, असे माझे मत झाले आहे.

गाड्यांचेच घ्या. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेली. आज कल्याणहून कर्जतकडे जाणारे मार्ग दोनच आहेत, एक जायचा आणि एक यायचा. त्यांच्यावरूनच आमच्या लोकल धावतात, पुणे-सोलापूर आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस धावतात आणि मालगाड्याही धावतात. एक्स्प्रेसला वाट द्यायची म्हणून लोकल थांबते. ऑफिसातल्या मशीनला हे कळत नाही, ते लेट मार्क लावून मोकळे होते. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी ३ए या प्रकल्पात आहे, आणि त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली मार्च २०१९ मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपण बदलापूर ते कर्जत या ३२ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेलाही मंजुरी दिलीत. अभिनंदन करायला हवे आणि मी ते करतो. पण पहिल्या मंजुरीवरून अजून आमची एकही गाडी धावलेली नसताना दुसरीचे पेढे आम्ही कशाच्या जोरावर खायचे?

तोवर आम्ही आमचा मार्ग काढला आहे. अंबरनाथचा माणूस बसायला मिळावे म्हणून आधी उलटा बदलापूरला येतो. बदलापूरचा माणूस त्याच कारणाने वांगणीकडे सरकतो. दीड-पावणेदोन तासांचा प्रवास आणखी लांबतो, पण निदान चौथी सीट तरी मिळते. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकड्यावर चौथ्याने अर्धवट टेकणे आणि उरलेला भार स्वतःच्या पायांवर घेणे. यासाठी आम्ही एकमेकांचे आभार मानतो. आपण कधी टेकला आहात का?

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या. एक कसाऱ्याहून येत होती, दुसरी कर्जतला निघाली होती. दारात लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतली काही गेली. त्याच दिवशी स्वयंचलित दारांची घोषणा झाली आणि एसी नसलेली, बंद दारांची पहिली गाडी जानेवारी २०२६ पर्यंत येईल, असेही सांगण्यात आले. ही घोषणा वाचताना आमच्या डब्यात कुणी एकाने विचारले, “दार लागले की दारातली माणसे कुठे जाणार?” मी हा प्रश्न जसाच्या तसा आपल्याकडे पाठवत आहे. त्याआधी वर्षभर, जून २०२४ मध्ये, प्रवाशांना जनावरांसारखे कोंबून नेले जाते याची लाज वाटते, अशा अर्थाचे खडे बोल मुंबई उच्च न्यायालयाने सुनावले होते. त्या दोन जून महिन्यांच्या मधल्या काळात काय केले, हे आपण आम्हाला सांगणे लागता.

ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र आपण झपाट्याने कामाला लागला होता. मध्य रेल्वेवर १० एसी फेऱ्या वाढवल्या गेल्या. साध्या लोकल काढून त्यांच्या वेळा एसीला दिल्याचे लक्षात आल्यावर कळव्यात, बदलापुरात प्रवासी चिडले आणि आठवड्याच्या आतच त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एसीला आमचा विरोध नाही. पण साध्या पासवाल्याच्या गर्दीतच ती गाडी का उभी करायची, हे वेळापत्रक करणाऱ्याला आधी सुचू नये?

आता परवानग्यांकडे वळतो. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. पुढच्या जनगणनेचे आकडे यायचे आहेत, पण मजले तर आपणच मंजूर केलेत, तेव्हा अंदाज आपल्याकडे असणारच. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. जांभळाची झाडे जिथे होती तिथे आता टॉवरची पायाभरणी दिसते, हे मानांकन देणाऱ्यांच्या कानावर घालावे की नाही, कळत नाही. बिल्डरच्या फलकावरच्या नकाशात कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ केव्हाची धावू लागली आहे. त्या नकाशाच्या आधाराने लोक वीस-वीस वर्षांचे कर्ज काढतात. इमारतीला मंजुरी देताना इथून दर तासाला किती गाड्या सुटतात, असा एक तरी रकाना आपल्या अर्जात आहे का?

पाण्याचे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. उल्हास नदी आमच्या जवळून वाहते आणि बारवी धरणही लांब नाही. पावसाळ्यात पाणी दारात येते, बाकीच्या महिन्यांत नळाला धड येत नाही. आमच्याकडे ते पहाटे, तेही बारीक धारेने येते. मोटर सुरू करायला जी बाई उठते तीच पुढे डबे भरून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडते. म्हणजे तिच्या झोपेचे वेळापत्रक दोन खात्यांनी मिळून केले आहे, आणि ती दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. उरलेली गरज टँकर भागवतो. टँकरला पाणी कुठून मिळते आणि नळाला का मिळत नाही, असा साधा अर्ज सोसायटीने संबंधित कार्यालयात दिला होता. त्याची पोच आमच्या फायलीत आहे. उत्तर नाही.

पुराचे तर आपल्याला नव्याने सांगायला नको. २६ जुलै २००५ आम्ही पाहिला. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. हेलिकॉप्टर आली, साऱ्या देशाने ते दृश्य टीव्हीवर पाहिले. मग नदीकाठची नवी बांधकामे पूररेषेच्या आत आहेत की बाहेर, हे नागरिकाला एका कागदावर, मराठीत, का मिळू नये?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरची माणसे रुळांवर बसली. शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या दिरंगाईचा तो संताप होता. अनेक तास गाड्या बंद राहिल्या आणि त्यात आमचीच माणसे अडकली, हे खरे आहे. पण तोवर ज्या गावाकडे कुणी फिरकत नव्हते तिथे एका दिवसात मंत्री पोहोचले. यातून आम्ही कोणता धडा घ्यावा असे आपल्याला वाटते? अर्जाची पोच घेऊन मुकाट घरी जाणाऱ्याला उत्तर मिळत नसेल आणि रुळावर बसणाऱ्याला मिळत असेल, तर शांत राहा हे सांगण्याचा अधिकार आपल्याकडे कितपत उरतो?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. कल्याण-बदलापूर मार्गिकेवरून पहिली लोकल कोणत्या महिन्यात धावणार, ते सहीनिशी लिहून द्यावे. पुढच्या कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाला परवानगी देण्यापूर्वी त्यासाठी किती पाणी आणि किती गाड्या शिल्लक आहेत, ते जाहीर करावे. टँकरच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

या पत्रावर सुनावणी ठेवणार असाल तर ती रविवारी ठेवावी, बाकी दिवशी आम्ही येऊ शकत नाही. आणि त्या रविवारी मेगाब्लॉक नाही ना, एवढे आपल्याच दुसऱ्या खात्याला विचारून घ्यावे.

आपला,
एक पासधारक नागरिक