माशांच्या टाकीला दिवा कोणता आणि किती वेळ?

मयूर विहारमधला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. सकाळी मुलगा आणि सून मेट्रो पकडतात, नात शाळेत जाते. मागे उरतात ते सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि दिवाणखान्यातल्या दोन फुटी टाकीतले मासे. आजोबा उठल्या उठल्या टाकीचा दिवा लावत आणि रात्रीच्या बातम्या संपल्यावर मालवत. रोज चौदा-पंधरा तास! महिन्याभरात काचेवर हिरवा थर चढला, पाणवनस्पतींच्या पानांवर केसांसारखे शेवाळ आले. सुनेने हौसेने निळा-जांभळा एलईडी आणला, तर माशांचा लाल रंगच उडाल्यासारखा दिसू लागला.

‘‘बाबा, टाकीच काढून टाकू या का?’’ शेवटी कंटाळून तिने विचारले. आजोबा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी अर्धीच पोळी खाल्ली.

टाकी काढण्याची काहीच गरज नव्हती. चुकत होते ते दिव्याचे गणित.

दुकानदार वॅट सांगतो. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो एवढेच. विचारायचे ते ल्युमेन, म्हणजे प्रत्यक्ष उजेड. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत वाळू-खडे वजा जाता साधारण ६० लिटर पाणी मावते. जावा फर्न, अनुबियास यांसारख्या सोशिक वनस्पतींना लिटरमागे १० ते २० ल्युमेन पुरतात. म्हणजे १२ वॅटची बरी एलईडी पट्टी पुष्कळ झाली. रोज आठ तास लावली तरी महिन्याला तीन युनिटही होत नाहीत. जुन्या २० वॅटच्या ट्यूबला याहून जास्त वीज लागे, शिवाय चोकची वेगळी.

रंगाचे म्हणाल, तर ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश घ्यावा. तो दिवसाच्या उजेडाजवळचा असतो. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. (हा निळा एलईडी साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले.) स्वस्तातल्या पट्टीत तांबडा प्रकाश कमी पडतो. म्हणून काही तांबडे दिवे मिसळलेली पट्टी मिळाली तर उत्तम. वनस्पतींना निळा आणि तांबडा दोन्ही लागतात. गडद निळे दिवे समुद्रातल्या प्रवाळांच्या टाक्यांसाठी असतात. गप्पी-एंजलच्या टाकीत ते म्हणजे लग्नाच्या मांडवातली रोषणाई!

पट्टी ‘आयपी ६७’ दर्जाची, पाण्याला दाद न देणारी असावी. वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली झोळ पडेल अशी सोडावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत न जाता तिथूनच टपकते. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. एलईडीची उष्णता तिच्या पाठीतून बाहेर पडते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये आधीच पाणी तापते आणि त्यातला प्राणवायू कमी होतो, त्यामुळे पट्टीवर घट्ट झाकण ठेवू नये. वरच्या काचेवर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि उजेड अडतो. काच बाजूला काढून व्हिनेगरने पुसावी, धुऊन परत ठेवावी.

आता राहिले तास. माशांना पापण्या नसतात. अंधार हीच त्यांची झोप. सात-आठ तासांपेक्षा जास्त उजेड झाला की फावते ते शेवाळाचे. पण आजोबांच्या लांबलचक दिवसाचे काय? त्यांना तर त्या उजेडाचीच सोबत होती.

तोड निघाली ती काही शे रुपयांच्या टायमरमधून. तास सलगच हवेत असे नाही. आता दिवा सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ लागतो. सकाळी घर रिकामे होते तेव्हा टाकी उजळलेली असते, आणि संध्याकाळी नात दप्तर टाकून तिच्यासमोर बसते. अधल्या वेळेत मासे खिडकीच्या मंद उजेडात फिरतात. आजोबांचीही ती वामकुक्षीची वेळ.