वाघ्या, चिंगी आणि आम्ही

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या घरीं एक लहानसें पामेरियन कुत्रें आहे आणि धाकट्या दिरांनीं आतां रॉटवायलरचें पिलूं आणण्याचा हट्ट धरिला आहे. दोन्ही एका घरांत नांदतील काय, अशी त्यांची पृच्छा आहे. नांदतील, असेंच आमचें उत्तर आहे. परंतु तें आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं, म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

जर्मनींतील रॉटवाइल गांवाच्या नांवानें ही जात ओळखली जाते. गुरें हांकणें व खाटकांच्या गाड्या ओढणें हें तिचें पूर्वापार काम. पुरा वाढलेला नर खांद्यापाशीं दोन फुटांहून उंच व वजनानें 50 किलोंच्या आसपास भरतो. आमची चिंगी 6 किलोंची. 2024 सालच्या मार्चमध्यें केंद्र सरकारनें वीसांहून अधिक जातींच्या विक्रीस व पैदाशीस परवाने देऊं नयेत असें राज्यांस कळविलें, त्या यादींत हिचेंही नांव होतें. एप्रिलमध्यें कर्नाटक उच्च न्यायालयानें तें पत्रक रद्द ठरविलें. कायद्याचा काथ्याकूट बाजूस ठेविला, तरी असें नांव यादींत कां यावें याचा विचार पिलूं आणण्यापूर्वीं घरांत झालाच पाहिजे. आमच्या घरीं तो झाला नव्हता.

वाघ्या दोन महिन्यांचा असतां आला. तेव्हां तो चिंगीएवढाच होता आणि चिंगी त्याच्यावर सत्ता गाजवी. त्याच्या ताटलींतला भात ती ओढून खाई, तो मुकाट्यानें मागें सरे, आणि आम्ही सारी मंडळी हंसत असूं. वर्षभरांत तो तिच्या सातपट झाला, तरी आमचें हंसणें चालूच राहिलें. ती ताटलीपाशीं येतांच तो ताठ होई, नजर तिरपी करी. पुढें पुढें गुरगुरूं लागला. "घरच्यांवर गुरगुरतोस?" म्हणून आम्हीं त्यास दर वेळीं दटाविलें. शिस्त लावण्याची आमची खोड जुनी! त्यानें गुरगुरणें सोडलें आणि धडा पाठ झाला असें आम्ही समजलों.

होळीच्या दिवशीं वहिनींच्या हातून पुरणपोळीचा तुकडा खालीं पडला. चिंगी झेपावली. वाघ्यानें कांहींएक आवाज न करतां तिला पाठीशीं धरिलें, एकदां झटकलें आणि सोडून दिलें. सारें दोन क्षणांत. वर केवळ दोन दातांच्या खुणा, रक्तही बेताचेंच. हळद लावून भागेल, असें आम्हां वडीलधाऱ्यांचें मत पडलें. सूनबाईंनीं तें मानलें नाहीं व तिला तडक पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं केस काढून पाहिलें, तों कातडी आंतल्या मांसापासून तळहाताएवढी सुटलेली! मोठें कुत्रें लहानास धरून झटकतें तेव्हां जखम वर टाचणीएवढी व आंत भली मोठी असते, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. एक रात्र दवडली असती, तर हें पत्रोत्तर निराळ्या सुरांत लिहावें लागलें असतें.

संध्याकाळीं वाघ्यास घालवून देण्याचें ठरलें आणि आम्हीं काठीही उचलली. त्याच वेळीं महाभारताच्या आदिपर्वांतली सरमेची कथा आठवली. सत्राच्या जागीं आलेल्या तिच्या पोरास जनमेजयाच्या भावांनीं बडविलें. त्यानें हवीकडे पाहिलें नव्हतें कीं तें चाटलेंही नव्हतें. माझ्या मुलाचा अपराध काय, एवढेंच ती विचारते आणि कोणी उत्तर देत नाहीं. वाघ्या तितका निरपराध नव्हता, हें खरें. पण गुरगुरणें ही कुत्र्याची आगाऊ सूचना असते आणि ती आम्हींच त्याच्या घशांत कोंबली होती. सूचना तेवढी बंद झाली. राग होता तिथेंच राहिला. काठी कोपऱ्यांत ठेविली.

दोष कोठें होता? घरांत नऊ माणसें. एक "बस" म्हणे, दुसरा "सिट", तिसरी "खालीं". आणि आई सर्वांचा डोळा चुकवून तूप-पोळी घाली. वाघ्या सर्वांचा होता, म्हणजे कोणाचाच नव्हता. आतां त्याचा भार एकट्या पुतण्यावर आहे. आज्ञेचे शब्द पांचच, तेही स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलेले. आईंनाही तेच बंधन. दोघांचें जेवण निराळ्या खोल्यांत, दार लावून. पंगत बसली कीं दोघेंही बाहेर. सांभाळणारें मोठें माणूस जवळ नसेल, तर मध्यें जाळीचें फाटक.

जखम भरल्यावर पुतण्या व सूनबाई दोघांस रोज मोकळ्या मैदानांत समांतर फिरवीत. प्रथम वीस हात अंतरानें, मग हळूहळू जवळून. याला दोन महिने लागले. चिंगीसही शिस्त लागली, कारण खोडीचा आरंभ बहुधा तिचाच असे व लहान म्हणून तिचें सारें खपे. भीतीनें तिला चटकन उचलून घेणें मात्र आम्हीं सोडलें; वर उचललेल्या जिवावर मोठें कुत्रें हटकून उडी घेतें.

पिलूं आणायचेंच असेल, तर दोन महिन्यांच्या आंत तें आईपासून तोडूं नये. लसी वेळेवर टोंचाव्या; रेबीजची विशेषतः. नवीं माणसें, मुलें, कुकरची शिटी, रिक्षा यांची ओळख तीन-चार महिन्यांचें होईतों करून द्यावी. लवकर थोराड दिसावें म्हणून कॅल्शियमची पूड चारूं नये. मोठ्या जातींचीं हाडें त्यानें बिघडतात. वर्ष-दीड वर्ष जिन्यावरून पळवूं नये. भरल्या पोटीं धांवडवूं नये; खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटास फुगून पीळ पडतो व तो प्राणावर बेततो. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका, चॉकलेट दोघांसही वर्ज्य. अंड्यावरून आमच्या घरांत जो वाद झाला, तो येथें सांगत नाहीं.

चिंगी आतां अकरा वर्षांची आहे. पाठीवर जखमेच्या जागीं पांढरे केस आले आहेत. दुपारीं ती फाटकाच्या अलीकडे निजते, वाघ्या पलीकडे.

भगिनींनीं दिरांस एवढेंच विचारावें: श्रावणांतल्या पावसांत पहांटे साडेपांचला साखळी कोण धरणार? नांव मात्र एकच सांगा म्हणावें.