बिलियन म्हणजे नक्की किती?

मराठी वर्तमानपत्रांनी ‘बिलियन’ आणि ‘ट्रिलियन’ हे दोन शब्द छापणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी भाषाशुद्धीवाली नाही. टेबल, बस, स्टेशन खुशाल लिहा, कुणाचं काही अडत नाही. बिलियनची गोष्ट वेगळी. युरोपात देश बदलला की या शब्दाचा आकडा बदलतो आणि चूक झालीच, तर ती थेट हजारपटीची असते.

मी पुण्यात जर्मनमधून मराठी-इंग्रजीत भाषांतरं करते. बहुतेक कामं कारखान्यांची, त्यामुळे करारनामे आणि वार्षिक अहवाल रोजचेच. जर्मनमध्ये नऊ शून्यांना ‘मिलियार्डे’ म्हणतात, म्हणजे आपलं अब्ज. ‘बिलिओन’ आलं की बारा शून्यं, म्हणजे लाख कोटी. जर्मनीचं वर्षाचं सकल उत्पादन चार ‘बिलिओन’ युरोंच्या वर आहे. ते कुणी इंग्रजीत चार बिलियन करून ठेवलं, तर अख्खा देश एखाद्या बऱ्यापैकी कंपनीच्या उलाढालीएवढा होतो. असा मसुदा माझ्याकडे तपासायला आलेला आहे. व्याकरणाची एक चूक नव्हती त्यात.

शब्दाचं मूळ इटलीत. ‘मिल्ले’ म्हणजे हजार, त्याला थोरपणाचा प्रत्यय लागून ‘मिलिओने’ झालं, म्हणजे थोरला हजार. त्यापुढची शिडी रचली निकोला शुके या फ्रेंच गणित्यानं, १४८४च्या एका हस्तलिखितात. त्याचा हिशेब चोख होता: ‘बि’ म्हणजे दोन, म्हणून मिलियनचा वर्ग तो बिलियन, ‘ट्रि’ म्हणजे तीन, म्हणून मिलियनचा घन तो ट्रिलियन. बारा शून्यं आणि अठरा शून्यं. हे हस्तलिखित छापलं गेलं थेट १८८० साली, पण शब्द त्याआधीच दुसऱ्यांच्या पुस्तकांतून पसरले होते.

पुढे फ्रान्समधल्याच काही गणित्यांनी सहा-सहाऐवजी तीन-तीन आकड्यांचे गट पाडायला सुरुवात केली आणि बिलियन नऊ शून्यांवर घसरलं. ही नवी रीत अमेरिकेनं उचलली. ब्रिटन जुन्या रीतीला चिकटून राहिलं. मग गंमत पाहा. १९६१ साली फ्रान्सनं सरकारी आदेश काढून बिलियन पुन्हा बारा शून्यांचं केलं, आणि डिसेंबर १९७४मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं की, सरकारी कामात बिलियन म्हणजे हजार मिलियनच धरलं जाईल. इतकी वर्षं अमेरिकी बिलियनला नाकं मुरडणाऱ्या साहेबानं शेवटी तेच घेतलं.

मला नोटा आणि तिकिटं जमवायचा नाद आहे, म्हणून हा घोळ हातात घेऊन बघता येतो. १९२३मध्ये जर्मन मार्क कोसळला, तेव्हाचं ५० मिलियार्डचं टपाल तिकीट माझ्याकडे आहे. नखाएवढ्या कागदावर पन्नास अब्ज. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ ‘बिलिओन’ मार्क पडत. अमेरिकी वाचकाला हाच आकडा ट्रिलियनमध्ये सांगावा लागे. पुढच्या वर्षी जर्मनीनं १०० ‘बिलिओन’ मार्कांची नोट काढली. आता तिच्याशेजारी झिंबाब्वेची २००९मधली १०० ट्रिलियन डॉलरची नोट ठेवा. एकीवर बिलियन, दुसरीवर ट्रिलियन, आणि दोन्हींची शून्यं मोजली तर चौदाच भरतात.

आजही तेच चालू आहे. पोर्तुगालमध्ये ‘बिलियाँव’ बारा शून्यांचं, तर ब्राझीलमध्ये त्याच भाषेतलं बिलियन नऊ शून्यांचं. रशियन माणूस नऊ शून्यांना जर्मनांसारखं ‘मिलियार्द’ म्हणतो आणि बारा शून्यांना मात्र अमेरिकनांसारखं ‘त्रिलिओन’. स्पॅनिश अकादमीनं १९९५मध्ये ‘मियार्दो’ हा नवा शब्द मान्य केला, पण स्पेनमधले लोक अजून ‘हजार मिलियन’च म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. लांबलचक पण बिनचूक.

मग आपण कशाला या भांडणात पडायचं? आपल्याकडे अब्ज आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत दुमत नाही. लाख कोटी तर केंद्राच्या अर्थसंकल्पामुळे पानवाल्यालाही ठाऊक आहे. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करणार, असं वाचलं की लोक मान डोलावतात. एक लाख कोटी डॉलर लिहिलं, तर निदान त्याला रुपयाच्या भावानं गुणायला बसतील. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त बारा शून्यांना महापद्म आणि चौदा शून्यांना जलधी म्हटलंय, पण ते उकरून काढा असं मी म्हणत नाही. खर्व तर मुळीच नको. मराठीत खर्व म्हणजे दहा अब्ज आणि हिंदीतलं खरब म्हणजे शंभर अब्ज, त्यामुळे हिंदी बातमीवरून मराठी बातमी करताना दहापटीचा घोळ व्हायचा.

एका ओळखीच्या उपसंपादकाचं म्हणणं असं की, मथळ्यात जागा नसते, म्हणून ट्रिलियन बरं पडतं. मी कागदावर दोन्ही लिहून अक्षरं मोजून दाखवली. ‘ट्रिलियन’ची चार, ‘लाख कोटी’चीही चार, वर मधली एक मोकळी जागा. तेवढी जागा मथळ्यातलं उद्गारचिन्ह काढलं की मिळते.